सीएमएस निवडताना आधी एडिटर उघडून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी बरीच वर्षं क्लायंटसाठी वेबसाइट बनवतोय आणि एक गोष्ट मनात सारखी खटकतेय म्हणून लिहितोय. सीएमएस, म्हणजे वेबसाइटवर मजकूर टाकायचं सॉफ्टवेअर, घेताना सगळे विचारतात फुकट आहे का, थीम किती, प्लगइन किती, पण त्यातून एचटीएमएल, म्हणजे पानामागचा कोड, कसं बाहेर पडतं हे कोणी बघतच नाही. आपण साइट देतो तेव्हा व्हॅलिडेटरमध्ये (कोड तपासायच्या टूलमध्ये) एकही एरर नसते, आणि सहा महिन्यांनी बघावं तर पार वाट लागलेली.

माझ्या एका क्लायंटकडे मजकूर टाकणाऱ्या बाई वर्डमधून कॉपी करून एडिटरमध्ये पेस्ट करायच्या, सोबत वर्डची सगळी फॉरमॅटिंग आत यायची, आणि शीर्षक हवं असलं की त्या अक्षरं मोठी करून बोल्ड करायच्या. डोळ्यांना ते शीर्षकच दिसतं हो, पण स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे बरेच जण एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जात पान चाळतात, कोडमध्ये शीर्षकाची खूणच नसल्याने त्यांना तिथे काहीच सापडत नाही. यात बाईंची चूक नव्हतीच, फॉन्ट मोठा करायचं बटण समोर ठेवणारं टूल मीच निवडलं होतं.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीचं स्टँडर्ड, आता बऱ्याच जणांना माहितीय, 2.2 आवृत्ती 2023 मध्ये आली. पण मजकूर तयार करायच्या टूलसाठी डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं) वेगळं स्टँडर्ड आहे, एटॅग 2.0, तेही 2015 पासून. टूलने लिहिणाऱ्याला नीट मजकूर करायला मदत करावी आणि एडिटर अपंग माणसालाही वापरता यावा, एवढं साधं म्हणणं आहे त्यात, तरी क्लायंटच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

वर्डप्रेस, ड्रुपल की जुमला, यातला कोणता सीएमएस चांगला या वादात मला पडायचं नाही, नीट बसवलं तर तिन्हींत चांगलं काम होतं, आणि वर भारंभार पेज बिल्डर (माउसने ओढून पान रचायचं टूल) चढवला की तिन्हींत डिव्हच्या आत डिव्ह, म्हणजे कोडमध्ये नुसते अर्थहीन डबे, सुरू होतात. माझी विनंती एवढीच, टूल ठरवायच्या आधी रोज मजकूर टाकणाऱ्या माणसालाच बसवा, त्याला एक शीर्षक, एक फोटो, एक टेबल टाकू द्या, मग सोर्स, म्हणजे पानाचा कोड, उघडा. शीर्षकाला खरा हेडिंग टॅग लागला का, फोटोचा आल्ट टेक्स्ट (शब्दांतलं वर्णन) एडिटरने विचारला का, टेबलच्या पहिल्या ओळीला टीएच (रकान्याच्या शीर्षकाचा टॅग) आहे का. नंतर माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर तेच पान पब्लिश करून बघा. हे केल्याशिवाय मी आता कोणाला कोटेशन देत नाही.

आपला,
एक वेब डेव्हलपर