आईच्या मणक्याविषयी, शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे सर्जननी सांगितल्यापासून आपण फोनवर पुष्कळ बोललो, पण त्या बोलण्यातून काही ठरत नाही. बाबा शस्त्रक्रिया नकोच म्हणतात, आई "बघू" म्हणून विषय थांबवते आणि मी इकडून नुसती काळजी करत राहते. या आजाराविषयी मी गेले काही आठवडे बरेच वाचले, येथील दोन तज्ज्ञांना आईचे रिपोर्ट दाखवले आणि त्यावर नीट विचार केला. तो सगळा विचार एकत्र मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते दोघांनी एकत्र बसून वाचावे.

कण्याच्या ज्या पोकळीतून पायांकडे जाणाऱ्या नसा खाली उतरतात, ती पोकळी वयाबरोबर अरुंद होत जाते; आईच्या या आजाराला 'लंबर स्पायनल स्टेनोसिस' म्हणतात. मणक्यांमधली चकती झिजून फुगते, मागचे लहान सांधे वाढतात आणि आतला पिवळा अस्थिबंध जाड होतो. कमरेत हे सर्वाधिक चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मध्ये घडते, आणि आईच्या एमआरआयमध्येही तीच जागा सर्वांत आवळलेली आहे. माणूस सरळ उभा राहिला की ही जागा आणखी आवळते, आणि बसला किंवा पुढे वाकला की थोडी मोकळी होते. आईचा त्रास मला या एका गोष्टीवरून उलगडला. ओट्याशी उभी राहून पोळ्या करताना तिच्या पोटऱ्या जड होतात आणि ती कोपरे ओट्यावर टेकवते. गोकुळपेठेच्या बाजारात दोन दुकाने झाली की तिला टेकायला जागा लागते, पण मॉलमध्ये ट्रॉलीच्या दांड्यावर भार देऊन ती बराच वेळ फिरू शकते. जिना चढताना तिची तक्रार नसते, उतरताना असते. आई, तू याला "वय झाले, चालायचेच" म्हणतेस. पण चालताना पाय भरून येणे आणि विश्रांती घेतली की मोकळे होणे, या त्रासाचे मूळ कमरेच्या अरुंद पोकळीत असल्याचे उट्रेख्तचे मेंदूशल्यतज्ज्ञ हेंक फर्बिस्ट यांनी १९५४ मध्येच सविस्तर दाखवून दिले होते. ज्या आजाराला नाव आहे आणि उपचार आहेत, तो मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही.

बाबा, तुमची भीती मी हलकी मानत नाही. तुमच्या ऑफिसातले स्नेही मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांचा आजार कोणता होता आणि शस्त्रक्रिया कण्याच्या कोणत्या भागावर झाली, हे मात्र आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो. आईची अडचण चौथ्या मणक्याखाली आहे, म्हणजे तेथे मज्जारज्जूला हात लागण्याचा प्रश्नच येत नाही. नसांना इजा होऊ शकते, परंतु ते क्वचित घडते. त्यापेक्षा नेहमी आढळणारे धोके वेगळे आहेत: नसांभोवतीचे आवरण फाटून पाणी झिरपणे, जखमेत जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे, आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे. अमेरिकेतील १३ केंद्रांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांचे आवरण फाटले, जे बहुधा तिथल्या तिथे शिवता येते. आणि आठ वर्षांच्या आत सुमारे १८ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. आपण विचार करायचा तो या धोक्यांचा.

त्याच अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी प्रत्यक्षात शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांची वेदना आणि हालचाल दोन वर्षांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारलेली होती. मात्र शस्त्रक्रिया न केलेलेही थोडेफार सुधारले होते. पुढे आठ वर्षांपर्यंत पाहिले असता, ज्यांचा उपचार चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवला होता त्यांच्यात हा फायदा चार वर्षांनंतर ओसरत गेला आणि ज्यांनी उपचार स्वतः निवडला होता त्यांच्यात टिकून राहिला. २०१५ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यातले १६९ रुग्ण शस्त्रक्रियेला तयार असलेले होते. त्यांतील निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना नियोजनबद्ध फिजिओथेरपी ठरवून देण्यात आली, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल करण्याची क्षमता जवळपास सारखी निघाली. बाबा, हे वाचून तुम्हाला हायसे वाटेल, पण पुढचेही वाचा: फिजिओथेरपीच्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांनी त्या दोन वर्षांत शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. यातून मला असे दिसते की व्यायामाला खरी संधी देणे योग्य आहे, कारण काहींचे त्यावर भागते. पण ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हा मान्यताप्राप्त मार्ग आहे, आणि तो धरण्यात पराभव नाही.

"एमआरआयमध्ये 'सिव्हिअर' लिहिले आहे" हे वाक्य आपल्या घरात फार वेळा उच्चारले गेले. त्या शब्दाने मीही हादरले होते. परंतु १९९० मध्ये कमरेची कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा साठीपुढच्या लोकांपैकी २१ टक्क्यांमध्ये ही पोकळी अरुंद दिसली होती. फोटो जागा दाखवतो. माणूस किती चालू शकतो हे फोटोवरून कळत नाही. शिवाय हा आजार बहुतेकांमध्ये सावकाश चालतो, बराच काळ आहे तसाच राहतो, आणि एकाएकी बिघडणे दुर्मीळ असते. म्हणून "लगेच तारीख घ्या" या घाईला आपण बांधील नाही. मात्र चालढकलही नको, कारण फार काळ दबलेल्या नसेचा बधिरपणा आणि अशक्तपणा शस्त्रक्रियेनंतरही पुरता जाईलच असे नाही.

सर्जननी पोकळी मोकळी करण्यासोबत स्क्रू आणि रॉड घालून मणके जोडण्याचे सुचवले आहे, कारण आईचा एक मणका किंचित पुढे सरकलेला आहे. या एका मुद्द्यावर मी तुम्हाला दुसरे मत घ्यायला आग्रहाने सांगते. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मणका सरकलेला असो वा नसो, जोडणीमुळे दोन वर्षांनी जादा लाभ दिसला नाही. उलट रुग्णालयातला मुक्काम आणि रक्तस्राव वाढला. नॉर्वेत २०२१ मध्ये खास मणका सरकलेल्या २६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुसती पोकळी मोकळी केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के आणि जोडणी केलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम मिळाला, म्हणजे फरक नगण्य होता. पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण मात्र पहिल्या गटात थोडे अधिक होते. मणका खरोखर हलत असेल तर जोडणी आवश्यक ठरू शकते. ते कळण्यासाठी उभे राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेले एक्स-रे लागतात, आणि आईच्या फाइलमध्ये ते नाहीत. ते काढून घ्यावेत आणि मगच "स्क्रू कशासाठी" हा प्रश्न सर्जनना सरळ विचारावा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

कमरेतल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल थोडक्यात लिहिते. पहिल्या इंजेक्शनने आईला काही आठवडे बरे वाटले, म्हणून दुसरे घ्यावे असे बाबांचे मत आहे. २०१४ च्या एका अभ्यासात ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना बधिरीकरणाच्या औषधासोबत स्टेरॉइड दिले आणि निम्म्यांना नुसते बधिरीकरणाचे औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आईला मधुमेह आहे आणि स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते. त्यामुळे एखादा कठीण काळ निभावण्यापलीकडे त्यावर विसंबू नये असे मला वाटते. नसांच्या दुखण्यावरच्या रात्रीच्या प्रीगॅबालिनच्या गोळीने तिला गुंगी येते, आणि रात्री न्हाणीघरात जाताना तोल गेला तर मणक्याचे दुखणे बाजूला राहून खुब्याचे हाड मोडायचे. ती गोळी तशीच चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने एकदम बंद मात्र करू नये. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधतात, त्या थांबवाव्यात. शेकण्याला किंवा हलक्या हाताच्या तेल-मालिशीला माझा विरोध नाही, पण झटका देऊन "नस मोकळी करणाऱ्या" कोणाकडेही आईला नेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या पुडीवर घटक लिहिलेले नसतात अशी चूर्णेही नकोत. त्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले आढळते.

आई, आता तुझ्याशी बोलते. मला सगळ्यांत जास्त काळजी एमआरआयची वाटत नाही. तू एकेक गोष्ट सोडत चालली आहेस, ती वाटते. भजनी मंडळ सोडलेस, अंबाझरीचे सकाळचे फिरणे सोडलेस, मावशीकडच्या लग्नाला "दगदग नको" म्हणून गेली नाहीस. दुखणे दिसू नये म्हणून तू जगणेच आखडते घेतेस, आणि मग विचारले की "आता कमी आहे" म्हणतेस. कमी आहे कारण तू चालतच नाहीस. शस्त्रक्रिया करायची की नाही, याचे उत्तर बाबांच्या भीतीत किंवा माझ्या वाचनात नाही. तुला पुन्हा काय करायचे आहे, यावर ते अवलंबून आहे. घरातल्या घरात वावरणे तुला पुरेसे वाटत असेल तर कदाचित शस्त्रक्रियेची गरज नाही. पण बाजारात मनासारखे फिरावे, मंडळात उभे राहून आरती म्हणावी असे वाटत असेल, तर ते स्पष्ट सांग. ते मागणे या वयात जास्तीचे नाही. एवढे लक्षात असू दे की शस्त्रक्रियेने पायांचे दुखणे जितके कमी होते तितके कमरेचे होत नाही, आणि तळपायाचा बधिरपणा राहूही शकतो.

त्या बधिरपणासाठी आधी दोन तपासण्या करून घ्याव्यात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षे घेतल्याने शरीरातले बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही तळपाय बधिर होतात. तो दोष मणक्याच्या शस्त्रक्रियेने जाणार नाही. तसेच पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. त्या दुखण्यात नुसते थांबले तरी बरे वाटते आणि आईला बसावे लागते, म्हणून तशी शंका कमी आहे. तरी डॉक्टरांनी पावलांवरची नाडी तपासून खात्री करावी.

माझे मत असे आहे की श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे तीन महिने नीट ठरवलेल्या फिजिओथेरपीला द्यावेत. कागदावर छापलेले व्यायाम घरी आणून चार दिवस करणे म्हणजे फिजिओथेरपी नव्हे; आठवड्यातून दोनदा तरी प्रशिक्षित व्यक्तीसमोर ते झाले पाहिजेत. गुडघे छातीशी घेणे, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करणे, आणि स्थिर सायकल, ज्यात पुढे झुकून बसल्याने पोकळी मोकळी राहते व ऊन-पावसाचा प्रश्न येत नाही. बाबा, सायकल मी पाठवते आहे, ती बैठकीच्या खोलीत ठेवा. योगवर्गात शिकवलेले भुजंगासन आणि मागे वाकण्याचे इतर प्रकार आईने बंद करावेत. ते काही कमरदुखींत चालतात, हिच्या आजारात त्रास वाढवू शकतात. फिरण्यासाठी चाकांचा वॉकर घ्यावा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि अंबाझरीला आईच्या वयाचे कितीतरी लोक तो घेऊन येतात. न थांबता किती मिनिटे चालता आले, ते बाबांनी दर रविवारी वहीत लिहून ठेवावे.

दिवाळीपर्यंत ती मिनिटे वाढली नाहीत, तर आपण दुसऱ्या सर्जनचे मत हातात घेऊन शस्त्रक्रियेकडे जाऊ, आणि ती नागपूरच्या हिवाळ्यातच करून घेऊ, म्हणजे उन्हाचा कहर सुरू होण्याआधी आई हिंडू-फिरू लागेल. तोपर्यंत तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणावी, कारण साखर वाढलेली असली की जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आईने सत्तरी ओलांडलेली असल्याने तिचे आयुष्मान कार्ड काढता येईल, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. निवडलेले रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. मी त्या काळात रजा घेऊन घरी येईन, याची चिंता करू नये.

एका बाबतीत मात्र दिवाळीची वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलता येईनासे होऊन चप्पल घसरू लागली, तर मला फोन करण्याच्याही आधी रिक्षा किंवा ॲम्ब्युलन्स करून थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे, रात्र असली तरीही. आई, या गोष्टी सांगायला तू संकोचशील हे मला माहीत आहे. बाबांना सांग, किंवा शेजारच्या काकूंना सांग, पण त्याच क्षणी सांग.

एक्स-रे आणि बी-ट्वेल्व्हचे रिपोर्ट आले की त्यांचे फोटो मला पाठवावेत. दुसऱ्या मतासाठी मी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आणि एम्सच्या बाह्यरुग्ण विभागांच्या वेळा काढून ठेवते. कोणता वार सोयीचा ते बाबांनी कळवावे. आणि आई, तुला पुन्हा काय काय करायचे आहे, ते एका कागदावर तुझ्या हाताने लिहून त्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लाव. सर्जनसमोर आधी तो कागद ठेवायचा आहे, एमआरआय त्यानंतर.

तुमची लेक