विन्याचा रोड रोलर आणि तुझी सही

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला फोन नाही, पत्र नाही, आणि आता एकदम हे पाकीट. शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर ठीक.

तुझा चुलतभाऊ विन्या सरपंचपदाला उभा आहे. चिन्ह मिळालंय रोड रोलर. देवाला पण गंमत कळते रे! समोर सुनंदाकाकी, कपबशी. दोघांच्या पत्रकांवर तीच सुरूची झाडं, तोच सूर्यास्त, कारण छापखाना एकच. दोघंही ‘पर्यावरणपूरक विकास’ करणार, दोघंही किनारा राखणार. पण किनाऱ्यावरच्या बांधकामाला आवर घालणारा तो सीआरझेडचा नियम भरतीरेषेपासून 500 मीटरला संपतो. जिथे कायदा आधीच उभा आहे तिथे राखण करायचं वचन द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं? आपला सडा, म्हणजे ते कातळाचं पठार, त्याच्या वर, आणि सड्याबद्दल रोड रोलरच्या पत्रकात अवाक्षर नाही.

सड्यावर प्लॉटिंग येतंय. ‘सी व्ह्यू’. मुंबईची पार्टी दोनदा बघून गेली, दोन्ही वेळा विन्याच्या गाडीतून. आपण ज्याला कातळ म्हणून हिणवतो तो जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि तेच खाली झऱ्याला, मग वाडीच्या विहिरीला येतं. ती विहीर आताच एप्रिलच्या शेवटाला तळ दाखवते. वर जेसीबीने कातळ फोडून बंगले बसवले, प्रत्येकाने बोअर मारली, की संपलं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय बोअर मारता येत नाही, हे 1993 पासून कायद्यात आहे. पण तक्रार कोणी करायची? ग्रामपंचायतीने. म्हणजे विन्याने, विन्याच्याच गिऱ्हाइकाविरुद्ध.

तू म्हणशील, सरपंचाच्या हातात काय असतं, बिनशेती वरून होते. खरं आहे. काकी निवडून आली तरी एकट्या तिच्याने डंपर थांबणार नाही. पण ग्रामसभेचा ठराव, पाण्याचं कनेक्शन, आपल्या आतल्या रस्त्याचा वापर, हे गावात ठरतं. थेट निवडून आलेला सरपंच असला की त्याच्या पुढे सदस्य गप्प बसतात, तेही बघतोयस ना. काकी सभेत उभी राहून एवढंच म्हणाली, ‘सडो विकलो तर पाणी खंयसून येतला?’ मागून विन्याची पोरं हसली. मला ते हसणं झोंबलंय.

आता खरं दुखणं. गेल्या पावसात पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर आई पडली तेव्हा तिला खुर्चीत घालून खाली गाडीपर्यंत आणणारा विन्याच. वाडीत नळ आला तोही त्याच्या धावपळीने, हे नाकारणारा मी नाही. आणि आज मी दारोदार कपबशी सांगत फिरतोय. तो वाटेत भेटला, म्हणाला, ‘आई बरी आहे ना?’ बस्स, एवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे दुसऱ्या कोणाला सांगू? गावात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत देवळात पोचेल, वर पदरचा मीठमसाला लावून.

(आणि हो, सड्यावरच्या त्या मॅचमध्ये तू बाद होतास. विन्याने तेव्हाही तुझीच बाजू घेतली होती, चुलतभाऊ म्हणून. आता तू त्याची घेशील, या भीतीनेच लिहितोय.)

सड्यावरच्या तुमच्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर अण्णांच्या जागी तुझं नाव लागलंय. वाटप झालेलं नाही, तेव्हा बाकीच्यांचं संमतिपत्र तयार असलं तरी तुझ्या सहीशिवाय घोडं अडतं. विन्या कागद घेऊन ठाण्याला येईल, येताना आंब्याची पेटी आणेल. आंबे खा. सही करू नकोस, निदान निकाल लागेपर्यंत तरी. तुझा हिस्सा आहे, पैशाची गरज तुलाही असेल, ते मी समजू शकतो. पण आधी एकदा येऊन विहिरीत डोकावून जा, मग काय ते ठरव. विन्याशी नीट बोल मात्र. त्याला तोंडावर नाही म्हणणारं घरातलं कोणीच नाही.

नव्या नोकरीत जम बसला ना? ताईचं दहावीनंतर काय ठरलं, शास्त्र की कॉमर्स? वहिनींना नमस्कार.

मतदानाला येणार असशील तर रेल्वेचं तिकीट आत्ताच काढ. चाकरमान्यांसाठी विन्याने फुकट बस ठेवलीय, त्यात चढू नकोस. कणकवलीला उतरलास की फोन कर, मी बाइक घेऊन येतो.

तुझा,
दिग्या