पान माझ्याकडे सरकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

मनातलं ओलं आहे तोवर हे लिहून टाकते. तुमच्यामुळे मला एक गोष्ट समजली, आणि ती तुम्ही ज्या रीतीनं समजू दिलीत ती रीत त्या गोष्टीपेक्षाही मोठी वाटते.

माझा प्रश्न साधा होता. मॅट्रिक्स म्हणजे संख्यांचा तक्ता, तो प्रत्येक व्हेक्टरला, म्हणजे बाणाला, बदलतो; बदलूनही जो आपल्याच रेषेवर राहतो तो त्याचा आयगेनव्हेक्टर, आणि तो जितक्या पट होतो ती संख्या आयगेनव्हॅल्यू. वर्ग म्हणजे तोच मॅट्रिक्स दोनदा लावणं. मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर त्याच्या वर्गाचाही आयगेनव्हेक्टर असतो, घनाचाही, कुठल्याही घाताचा. मग उलट का नाही? वर्गाचा आयगेनव्हेक्टर मूळ मॅट्रिक्सचाही असायला नको का? हा प्रश्न मी तुमच्याआधी ज्यांना विचारला, त्यांच्यापैकी एकांनी सुलट बाजूची एका ओळीची सिद्धता पुन्हा लिहून दिली. ती मला येतच होती. दुसऱ्यांनी ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणून वही मिटली. ज्यांचं काम शिकवणं आहे त्यांनी प्रश्न ऐकूनही घेऊ नये, याचा राग मला अजून येतो, आणि तो आवरावासा वाटत नाही.

तुम्ही एका कोऱ्या पानावर एक बाण काढलात. पान पाव फेरा फिरवलंत आणि विचारलंत, ‘बाण आपल्या रेषेवर राहिला?’ नाही राहिला. मग पान माझ्याकडे सरकवलंत, हात मागे घेतलात आणि म्हणालात, ‘आता तू फिरव.’ मी आणखी पाव फेरा दिला. बाण उलटा झाला होता, पण त्याच रेषेवर होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी दुसरा बाण काढला, तिसरा काढला, वाटेल त्या दिशेला काढला. दोन पाव फेऱ्यांनंतर प्रत्येक जण आपल्या रेषेवर परत. पाव फेरा फिरवणं हाही एक मॅट्रिक्सच. म्हणजे या फिरवण्याच्या वर्गाला प्रत्येक व्हेक्टर आयगेनव्हेक्टर आहे, आयगेनव्हॅल्यू उणे एक, आणि खुद्द फिरवण्याला वास्तव संख्यांत एकही नाही! हे वाक्य तुम्हाला सहज सांगता आलं असतं. तुम्ही ते माझ्या तोंडून निघेपर्यंत थांबलात. इतकं थांबणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

पुढे कारणही तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत. वर्ग करताना लॅम्डा (ही आयगेनव्हॅल्यू) आणि उणे लॅम्डा एकाच संख्येवर जाऊन पडतात, त्यामुळे जे व्हेक्टर आधी वेगवेगळ्या गटांत होते ते एकाच गटात मिसळतात. कर्णावर एक आणि उणे एक, बाकी शून्य, असा मॅट्रिक्स घेतला तर त्याचा वर्ग एकक मॅट्रिक्स होतो, म्हणजे प्रत्येक व्हेक्टरला जसाच्या तसा ठेवणारा. (१, १) हा वर्गाचा आयगेनव्हेक्टर आहे, मूळचा नाही. पण (१, ०) आणि (०, १) या मूळच्या दोन आयगेनव्हेक्टरांची ती बेरीज आहे. लॅम्डा शून्य नसेल आणि सदसत् (कॉम्प्लेक्स) संख्या चालणार असतील, तर हे नेहमीच घडतं: वर्गाचा आयगेनव्हेक्टर एक तर मूळचाच असतो, नाही तर मूळच्या दोघांची बेरीज. मला हे फार सुंदर वाटतं. उलटा नियम मोडतो, पण मोडल्यावरही हातात काहीतरी नेमकं उरतं.

शून्याशी मात्र हे जमत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक आणि बाकी सगळी शून्यं: वर्ग शून्य, त्यामुळे प्रत्येक व्हेक्टर वर्गाचा आयगेनव्हेक्टर, आणि मूळची मात्र एकच दिशा. तिथे बेरजेनंही काही साधत नाही.

ताई, हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. समोरच्याला शोध लागण्याइतकी जागा सोडणारी फार थोडी. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पद लागत नाही. समोरचाही विचार करू शकतो एवढा विश्वास लागतो. तो तुम्ही एका अनोळखी मुलीवर टाकलात.

एक सांगायचं राहिलं. मी घनाचंही करून पाहिलं. तीन घटकांची जागा चक्राकार बदलणारा मॅट्रिक्स घेतला. त्याचा घन एकक मॅट्रिक्स येतो. (१, ०, ०) हा घनाचा आयगेनव्हेक्टर, मूळचा नाही, आणि तो मूळच्या तीन आयगेनव्हेक्टरांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा निघाला. एकाच्या तीन घनमुळांना एकेक. त्या तिघांतला वास्तव एकच, (१, १, १). कुणी सांगितलं नव्हतं, मीच काढलं. तुम्हाला आधी कळवावंसं वाटलं.

तुमची मनापासून आभारी,
एक विद्यार्थिनी