शिकाऊ लायसन्सचे ते ३० दिवस : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पहिले लायसन्स काढणाऱ्या प्रौढांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण

सन्माननीय महोदय,
स.न.वि.वि.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्स घरबसल्या मिळते. ‘सारथी’ पोर्टलवर आधार क्रमांक टाकायचा, फी भरायची, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची, १५ प्रश्न सोडवायचे. ९ बरोबर आले की लायसन्स डाउनलोड. आरटीओच्या दारातली रांग गेली हे उत्तम झाले, आणि ती परत यावी असे मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या आम्हा प्रशिक्षकांनाही वाटत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. अर्ज ऑनलाइन झाला, परीक्षा ऑनलाइन झाली. शिकवणे मात्र राहून गेले.

आज शिकवण्याच्या नावाने आहे ती एक चित्रफीत. ती परीक्षेच्या लगेच आधी लागते, त्यामुळे बघणाऱ्याचे लक्ष पुढच्या प्रश्नांकडे. आवाज बंद करून ती चालू ठेवता येते आणि तोवर चहा होतो. अर्ज एजंटाच्या दुकानातून भरला असेल तर ती एजंटाच्याच स्क्रीनवर चालते आणि उमेदवाराचे काम ओटीपी सांगण्यापुरते उरते. प्रश्नांचे संच पाठ करून मिळवलेले ९ गुण आणि समजून मिळवलेले ९ गुण यांत संगणकाला फरक कळत नाही. शिवाय १५ पैकी ६ चुकले तरी चालतात, आणि ते कोणते चुकावेत याला बंधन नाही. सहाही प्रश्न ‘थांबा’, ‘रस्ता द्या’, ‘ओव्हरटेकिंग मनाई’ अशा चिन्हांचे असले तरी माणूस पास.

अभ्यासक्रमाचे वयही बघावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११ ने या परीक्षेचे विषय ठरवले. त्यात चिन्हे, सिग्नल आणि रस्त्याचे नियम आहेत, अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये आहेत, जवळ बाळगायची कागदपत्रे आहेत आणि बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची खबरदारीही आहे. ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग रेल्वेने जानेवारी २०१९ अखेर संपवली. गाडी बाजूला लावून खाली उतरा, रुळापर्यंत चालत जा, हे आमचे विद्यार्थी आजही तोंडपाठ म्हणतात. डंपरच्या डाव्या कुशीत स्कूटर का घालू नये हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. नियम १५ प्रमाणे शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. शिकाऊ लायसन्स चालते ६ महिने. म्हणजे कायद्याने प्रत्येक नवशिक्याला किमान एक महिना शिकण्यासाठी दिला आहे. खासगी गाडीसाठी ट्रेनिंग स्कूल बंधनकारक नाही, त्यामुळे अनेक जण घरच्यांकडून किंवा मित्राकडून शिकतात. त्या महिन्यात पोर्टलकडून त्यांच्यापर्यंत शिकण्यासारखे काहीही येत नाही. मोबाइल क्रमांक विभागाकडे असतो, वाहनाचा प्रकार ठाऊक असतो, वय ठाऊक असते. तरी तो महिना रिकामाच जातो. ऑनलाइन प्रशिक्षणाची खरी जागा तीच आहे. परीक्षेआधीच्या एका चित्रफितीऐवजी या ३० दिवसांत, दर तीन-चार दिवसांनी एक, असे २० मिनिटांचे आठ पाठ द्यावेत. माणूस सकाळी मैदानात गाडी बंद पाडून आलेला असतो. त्याच संध्याकाळी क्लचचा पाठ बघितला तर तो डोक्यात बसतो. गाडीला हात लावण्याआधी बघितला तर नुसते शब्द राहतात.

अमेरिकेत टेक्सास राज्याने १८ ते २४ वयाच्या नव्या चालकाला ६ तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे आणि तो ऑनलाइन करता येतो. शिवाय गाडी चालवण्याच्या चाचणीआधी धोक्यांविषयीची तासाभराची वेगळी चित्रफीत पाहावी लागते. तिथे गेलेल्या मराठी मुलामुलींना हे माहीत आहे. तिथले सगळे इथे चालणार नाही, पण नियम आधी आणि धोके चाचणीच्या तोंडावर ही दोन टप्प्यांची विभागणी घेण्यासारखी आहे.

पाठांत काय असावे, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘जनजागृती’ म्हणून पुन्हा हेल्मेटची घोषवाक्ये आली तर हा सगळा खटाटोप वाया जाईल.

पडद्यावर हातपाय शिकवता येत नाहीत, नजर शिकवता येते. पहिला पाठ थांबण्याच्या अंतराचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. ताशी ८० ला हीच बेरीज ७० मीटरच्या घरात जाते आणि १०० ला जवळपास ९८ मीटर होते. वेग ६० वरून १०० झाला, म्हणजे दुप्पटही नाही, पण थांबण्याचे अंतर दुपटीहून जास्त वाढले. ओल्या रस्त्यावर ६० चे ४५ मीटर ६० मीटर होतात. आकडे नुसते वाचून कोणाच्या लक्षात राहत नाहीत. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची. तशा पाच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडून दाखवल्या की राहतात. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की दोन सेकंद मोजायला ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचे. ते म्हणून होण्याआधी आपण खांबाशी पोहोचलो तर अंतर कमी आहे. पावसात ‘एक हजार चार’पर्यंत म्हणायचे.

दुसरा पाठ आधी कोणी जायचे याचा. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत हे स्पष्ट आहे : चक्राकार चौकात आधीपासून फिरणाऱ्याला वाट द्यायची, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला द्यायची, घाटात रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. प्रत्यक्षात डिपर मारला की ‘मी येतोय, तू थांब’ असा अर्थ घेतला जातो, आणि चौकात सरळ जायचे असेल तर चारही इंडिकेटर लावण्याची रीत पडली आहे. ते लागले की डावीकडे उभ्या असलेल्याला फक्त डावा दिवा दिसतो. गाडी वळतेय असे समजून तो पुढे निघतो. घाटात पाऊस-धुक्यातही हेच. चालत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकू लागले की ती थांबलीय की चाललीय हे मागच्याला कळत नाही, आणि इंडिकेटरचा उपयोग संपतो. दोन मिनिटांच्या चित्रफितीत मिटणारी चूक आहे ही.

तिसरा मोठ्या गाड्यांचा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढे एक वाक्य. लांब गाडी डावीकडे वळताना आधी थोडी उजवीकडे जाते आणि तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. डावीकडे मोकळी जागा झाली असे वाटून दुचाकी त्यात शिरते. हे वरून चित्रित करून दाखवले पाहिजे. शब्दांत सांगून पटत नाही.

दुचाकीला तर वेगळा संच हवा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. आपली दुचाकीची चाचणी म्हणजे बहुतेक ठिकाणी आठचा आकडा, पाय न टेकवता. आठ काढताना पुढचा ब्रेक लागतच नाही, म्हणून शिकवणारा सांगतो, ‘पुढच्याला हात लावू नको, पडशील.’ तोच सल्ला आयुष्यभर राहतो. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते आणि गाडी लांब जाऊन थांबते. सरळ रेषेत दोन्ही ब्रेक, पुढचा झटक्याने नव्हे तर वाढत्या दाबाने. वळणावर, खडीवर, वाळूवर हलक्या हाताने. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना आता जोडब्रेक असतो, बऱ्याच स्कूटरींत डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हे स्कूटर वापरणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसते.

उतारासाठी एक पाठ. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना ठोकताळा अजून खरा आहे. न्यूट्रलमध्ये उतरले की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. कात्रजकडून नवले पुलावर येणारा, अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. पेट्रोल वाचते हा समजही चुकीचा आहे : इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला लागतेच.

एक पाठ शेजारी बसणाऱ्याचाही हवा. नियम ३ म्हणतो की शिकवणाऱ्याकडे त्या वाहनाचे पक्के लायसन्स असावे आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला असावा. घरच्या गाडीत जोडनियंत्रण (शिकवणाऱ्याच्या बाजूचे वेगळे ब्रेक-क्लच) नसते, शेजाऱ्याच्या हाताशी असतो तो फक्त हँडब्रेक. तो बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा. हिसका दिला तर मागची चाके अडतात आणि गाडी फिरते. ओरडायचे नाही. ‘अरे, अरे!’ ही सूचना नव्हे, ‘ब्रेक’ ही सूचना आहे. ‘एल’ची पाटी पुढे आणि मागे, पांढऱ्यावर लाल, १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. कागदावर पेनाने काढलेला ‘एल’ नियमात बसत नाही.

जे ऑनलाइन जमणार नाही त्याबद्दलही स्पष्ट बोलू. हाफ क्लच पायाच्या बोटांना कळावा लागतो. चढावर गाडी मागे न जाता उठवणे हे चाचणीत आहे : हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, इंजिनाचा आवाज दबून बॉनेट जरासे उचलेपर्यंत क्लच सोडा, किंचित अ‍ॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडा. पडदा क्रम दाखवेल, सराव गाडीतच. आणि इथे दोष आमच्या व्यवसायाचाही आहे. नियम ३१ प्रमाणे ट्रेनिंग स्कूलमध्ये २१ दिवसांत प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास व्हायला हवेत. म्हणजे रोज अर्ध्या तासाला जेमतेम कमी. एका फेरीत तीन विद्यार्थी बसवले, येण्याजाण्यात वेळ गेला, तर नमुना १५ च्या नोंदवहीत १० तास भरतात आणि पायाला मिळतात त्याच्या निम्मे. त्यातही जोडनियंत्रणाच्या गाडीत क्लच बऱ्याचदा प्रशिक्षकाच्या पायाखाली असतो. विद्यार्थ्याला वाटते आपण चालवली. तो घरच्या गाडीत बसतो आणि पहिल्याच सिग्नलला चार वेळा बंद पाडतो. ही नोंद कागदाऐवजी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर करा : तास सुरू होताना आणि संपताना ओटीपी, आणि आज तुम्ही स्वतः काय केलेत हे पाच खुणांत. काही शाळाचालकांना हे आवडणार नाही.

२०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आहे : हलक्या वाहनासाठी जास्तीत जास्त ४ आठवड्यांत २९ तास, ८ वर्गात आणि २१ गाडीवर, आणि तिथला दाखला असेल तर आरटीओची चाचणी माफ. अभ्यासक्रम चांगला आहे. पण हलक्या वाहनांच्या केंद्रालाच एक एकर जागा लागते. मुंबई-ठाण्यात ती कुठून आणणार? वर्गातल्या त्या ८ तासांतला मजकूर मराठीत सर्वांना ऑनलाइन खुला केला तरी बरेच काम होईल.

मजकूर मात्र मराठीत लिहावा, मराठीत आणू नये. ‘अनुज्ञप्तीधारकाने अग्रहक्क प्रदान करावा’ हे वाक्य समजायला वकील लागतो. ‘उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या’ हे सगळ्यांना कळते. नंदुरबार-गडचिरोलीत नेटवर्क जाते, म्हणून पाठ आधी उतरवून घेऊन नंतर बघता यावेत आणि नुसता आवाज ऐकूनही समजावेत. वाचता न येणाऱ्यासाठी प्रश्न ऐकू यावेत. चाळिशीनंतर पहिल्यांदा शिकणाऱ्याला १-अ नमुन्यातला डॉक्टरचा दाखला लागतोच. त्याच वेळी रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, चष्मा बायफोकल आहे का, यावर पाच मिनिटांचा भाग त्याला दाखवावा.

फसवणूक रोखायला कॅमेऱ्यापेक्षा प्रश्नांची रचना जास्त उपयोगी पडेल. रस्त्याची चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता धोका कुठे आहे?’ असे विचारले तर पाठांतर चालत नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून चालू चित्रफितीत धोका दिसताच क्लिक करायची चाचणी आहे. आपल्या चित्रफितीत उसाची ट्रॉली असावी, थांबलेल्या एसटीच्या पुढून धावत येणारा मुलगा असावा, रात्रीची बिनदिव्याची बैलगाडी असावी आणि दुभाजकाच्या फटीतून उलट येणारी दुचाकीही.

नियम केंद्राचे आहेत आणि पोर्टलही केंद्राचे, हे आम्ही जाणतो. म्हणून आपल्याकडे मागणे तीन गोष्टींपुरतेच आहे. हे आठ पाठ राज्याच्या मोटार वाहन विभागाने मराठीत तयार करून शिकाऊ लायसन्स मिळालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठरल्या दिवशी पाठवावेत. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. ट्रेनिंग स्कूलच्या तासांची ओटीपी नोंद एखाद्या जिल्ह्यात सहा महिने करून बघावी. आणि नियम ११ चे विषय बदलावेत, विषयवार किमान गुण ठेवावेत, पाठ पूर्ण केल्याशिवाय चाचणीची तारीख मिळू नये, यासाठी राज्याने केंद्राला लेखी प्रस्ताव पाठवावा.

पाठांच्या संहिता लिहायला आणि चित्रीकरणाच्या वेळी गाडीत बसायला आम्ही मानधनाशिवाय तयार आहोत. सुरुवात पावसाळ्याआधी झाली तर ओल्या रस्त्याचा पाठ आधी घ्यावा.

आपले,
मोटार ट्रेनिंग स्कूलमधले काही प्रशिक्षक