रूममेट निवडताना गाव आणि आडनावच का विचारतो आपण?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की पुण्यात पेठांमधून आईवडिलांसोबत रूम बघत फिरणारी पोरंपोरी दिसायला लागतात, ५ वर्षांपूर्वी मीपण लातूरहून अशीच आले होते म्हणून हे पत्र लिहितेय. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं हे सगळे नीट विचारतात, पण जिच्यासोबत वर्षभर एका खोलीत झोपायचंय तिला दोनच गोष्टी विचारतात, गाव कुठलं आणि आडनाव काय. आडनाव कशासाठी विचारतात ते सगळ्यांना माहितीये आणि मला त्याची मनापासून चीड येते.

आम्ही चौघी तशाच जमलो होतो, सगळ्या एकाच जिल्ह्यातल्या. घरच्यांना बरं वाटलं, आपल्याकडच्याच पोरी आहेत म्हणे. नारायण पेठेत वन बीएचके घेतला. पण एकजण रात्री ३ पर्यंत मोठा लाईट लावून वाचायची आणि मला ५ ला उठून अभ्यासिकेत जागा धरायला जायचं असायचं, एकीचा भाऊ आला की चार-चार दिवस हॉलमध्ये मुक्काम, सिलेंडर संपला की कोणी बुक करायचा ते ठरलेलं नाही, भांडी घासणाऱ्या मावशींचे पैसे दर महिन्याला एकीचे राहिलेलेच. आणि आपल्याकडचीच आहे, तिला कसं बोलायचं म्हणून कोणीच काही बोलायचं नाही, सगळं मनात साठत गेलं आणि एक दिवस एका कुकरवरून इतकं भांडण झालं की दोघी आजही एकमेकींशी बोलत नाहीत.

त्याहून मोठा घोळ अ‍ॅग्रीमेंटचा. एजंट म्हणाला एकीच्याच नावावर करू, कशाला सगळ्यांची कटकट, आणि आम्ही हो म्हणालो. डिपॉझिट ६० हजार, प्रत्येकीचे १५. नंतर जिच्या नावावर होतं तिचंच लग्न ठरलं, ती गेली, मालकांनी रूम खाली करायला लावली आणि पैसे तिच्या खात्यावर टाकले. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं, कागदावर आमचं नावच नव्हतं. ती वाईट नव्हती, पण ते पैसे तिच्या घरी खर्च झाले आणि मला माझे १५ हजार मिळायला ७ महिने लागले. माझे वडील हमाली करतात, त्यांच्यासाठी १५ हजार म्हणजे काय ते मी इथे लिहू शकत नाही.

नंतर कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण रूम भाड्याने घेताना करतो तो करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. आता नोंदणी ऑनलाईन होते, माणूस मशीन घेऊन घरी येतो आणि आधारवर अंगठे घेतो, आमच्या आत्ताच्या रूमला तिघींचे अंगठे घ्यायला अर्धा तासपण लागला नाही.

यावेळी मी राहायला जायच्या आधी दोघींना चहाला भेटले आणि सगळं विचारलं, झोपते कधी, घरून पैसे कुठल्या तारखेला येतात, नॉनव्हेज रूमवर चालेल का, कोणी राहायला आलं तर किती दिवस, मध्येच सोडून गेलीस तर तुझ्या जागी मुलगी कोण शोधणार. विचारताना अवघडल्यासारखं होतं, तरी विचारलं. एक गडचिरोलीची आहे, एक सांगलीची, आडनावं मला अ‍ॅग्रीमेंट वाचताना कळली. गडचिरोलीची रात्री उशिरापर्यंत वाचते पण टेबल लॅम्प लावून, आणि सिलेंडरचा हिशोब फ्रीजवर लिहिलेला असतो.

तुमच्या पेपरमध्ये अ‍ॅडमिशनच्या दिवसात कॉलेजांच्या कटऑफची पानंच्या पानं येतात. त्यातच एखादा कोपरा या भाडेकराराच्या माहितीला द्या, साध्या मराठीत, म्हणजे गावाकडून येणाऱ्या आईवडिलांना सही करायच्या आधी वाचता येईल.

– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे