एवढ्या नद्या, मग रस्ते कशाला?

जॉर्जटाऊन, गयाना
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

“एवढ्या नद्या आहेत तर रस्ते कशाला हवेत, होड्या घाला की,” असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून वर दात काढणारा चेहरा टाकलास, तेव्हाच ठरवलं की याला दोन ओळींत सोडायचं नाही. आज रविवार आहे, बाहेर पावसानं धरलंय. चहा ठेव आणि वाच.

आधी नकाशा समोर आण. गयाना हा दक्षिण अमेरिकेतला देश, आपल्या महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाएवढा, २ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, आणि माणसं सगळी मिळून आठेक लाख. त्यातली दहापैकी नऊ समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात, मागे नुसतं जंगल. नद्या दक्षिणेकडून उत्तरेला समुद्राकडे वाहतात आणि माणसांना जायचं असतं पूर्व-पश्चिम. म्हणजे प्रत्येक नदी आडवीच येणार. बरं, ज्याला दक्षिणेला आत जायचंय त्याला तरी नदी उपयोगी पडावी, तर तेही नाही. एसेक्विबो ही सगळ्यांत मोठी, हजारेक किलोमीटर लांब. पण बार्टिका गावापाशी तिला दुसऱ्या दोन नद्या मिळतात, आणि त्याच्यावर गेलास की खडक, उतार, खळाळ. बोट तिथेच संपली. खाली पूल घालवत नाही एवढी रुंद आणि वर बोट चालत नाही एवढी खडकाळ, असा हा मामला आहे.

रुंद म्हणजे किती, तर मुखाशी जवळजवळ तीस किलोमीटर. मध्ये बेटं आहेत, बेटांवर भातशेती आहे. पलीकडच्या किनाऱ्याला जायचं तर परिका नावाच्या धक्क्यावर यावं लागतं. धक्क्याला इथे ‘स्टेलिंग’ म्हणतात, डचांच्या काळचा शब्द. इंग्रज आले, राज्य करून गेले, शब्द तसाच राहिला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी रेवसच्या लाँचचा अनुभवी माणूस म्हणून ऐटीत स्पीडबोटीच्या अगदी पुढच्या फळीवर जाऊन बसलो. शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. तेव्हाच ओळखायला हवं होतं. मधल्या पात्रात बोट लाटेवर आपटायला लागली आणि माकडहाड शाबूत आहे की नाही हे कळेना. मग तुषार सुरू झाले. सगळ्यांनी मुकाट्यानं पायाखालची निळी ताडपत्री उचलली आणि तिच्या कडा मुठीत धरून डोक्यावर घेतली. वीस माणसं, दोन कोंबड्या, एक फ्रीज आणि मी, सगळे एका ताडपत्रीखाली. आजीबाईंच्या पिशवीत लांब चवळीच्या शेंगा होत्या. त्यांना इथे ‘बोरा’ म्हणतात, म्हणजे भोजपुरीच. १८३८ च्या मे महिन्यात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून पहिली जहाजं आली ती कलकत्त्याहून, त्यामुळे इथल्या भारतीय वंशाच्या लोकांत बिहार-उत्तर प्रदेशाकडचेच जास्त. ‘महाराष्ट्र’ म्हटलं की आजीबाईंचा चेहरा कोरा होता, ‘बॉम्बे’ म्हटल्यावर खुलला.

आता राजधानीजवळची डेमेरारा. ही त्या मानानं अरुंद, पण तळ म्हणजे चिखल. ॲमेझॉनचा गाळ समुद्राच्या प्रवाहाबरोबर या अख्ख्या किनाऱ्याला सरकत येतो. म्हणून १९७८ साली पूल बांधला तो तरंगता, लोखंडी तराफ्यांवरचा, लांबी पावणेदोन किलोमीटरच्या वर. जहाज यायचं झालं की मधला भाग बाजूला सरकवायचा आणि दोन्हीकडची वाहनं तास-दीड तास थांबवायची. वेळ रोज वेगळी, भरतीप्रमाणे. माझ्या इथल्या पहिल्या वर्षात मी घड्याळाआधी पुलाची वेळ बघायला शिकलो. गेल्या महिन्यात शेजारी नवा चार पदरी पूल सुरू झाला, उंच, खालून जहाज जाईल असा. आता नदी दोन मिनिटांत ओलांडतो आणि शहरात शिरल्यावर अर्धा तास गाड्यांच्या रांगेत बसतो. समुद्रात तेल सापडलं २०१५ ला, उपसा सुरू झाला २०१९ च्या डिसेंबरात. पैसा आला आणि आधी आल्या गाड्या. तरी पूल झाला हे खरं. आपला रेवस-करंजा आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय.

पण पैशानं सगळं होत नाही, हे मला इथे रोज साइटवर दिसतं. रस्त्याला खडी लागते आणि किनाऱ्यावर दगडच नाही! आपल्याकडे कुदळ मारली की जांभा नाहीतर काळा कातळ. इथे चिखल, त्याच्या मागे पांढरी वाळू. खडी येते बार्टिकाकडच्या खाणींतून, बार्जमध्ये भरून, नदीतून. (तेवढं तुझं खरं, होडीशिवाय रस्तासुद्धा होत नाही.) बार्जला उशीर झाला की रोलर उभा, माणसं उभी, आणि मी कागद रंगवतो.

आतला रस्ता म्हणजे लिंडेन ते लेथेम, साडेचारशे किलोमीटर लाल माती. लिंडेनपासून मबुरा हिलपर्यंतच्या १२१ किलोमीटरचं पक्कं काम चालू आहे, पुढे तुझं नशीब. मी मिनीबसनं गेलो. संध्याकाळी निघालो, मध्यरात्री जंगलात एका शेडखाली सगळ्यांनी झूले बांधले आणि झोपले, कारण पुढे कुरुपुकारीला एसेक्विबो तराफ्यावरून ओलांडायची आणि तो फक्त दिवसा चालतो. पहाटे उठून पहिला नंबर लावायचा. पावसाळ्यात चिखलात रुतली गाडी तर किती दिवस लागतील हे ड्रायव्हरही सांगत नाही. विमान आहे, पण छोटं. तिकिटाच्या खिडकीपाशी सामानासकट आपल्यालाही काट्यावर चढवतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात.

लेथेमला पोचलं की समोर ब्राझील. मधल्या ताकुतू नदीवर ब्राझीलनं पूल बांधून दिलाय, २००९ चा. इकडे गाड्या डावीकडून, तिकडे उजवीकडून, म्हणून पुलाजवळ रस्ता स्वतःच स्वतःखालून जाऊन बाजू बदलतो. पलीकडे डांबरी रस्त्यानं ब्राझीलचं बोआ विस्ता शहर दोन तासांवर, आणि स्वतःची राजधानी एक दिवस-एक रात्र दूर. तिथल्या दुकानदाराला मी विचारलं, माल कुठून आणता? त्यानं हातानं नुसतं पुलाकडे दाखवलं.

आता तुझ्या कामाची गोष्ट. हा सगळा किनारा म्हणजे आपला खारेपाट आहे रे. जमीन भरतीच्या पाण्याहून खाली, समुद्राला बांध, मागच्या अंगाला गोड्या पाण्याचा बांध आणि मधल्या पट्ट्यात ऊस, भात, घरं. हे सगळं बंदिस्तीचं काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी हातानं केलं, गुडघाभर चिखलात उभं राहून. आणि बांधात जागोजागी उघाडी, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर सोडायचं दार! इथे तिला ‘कोकर’ म्हणतात. आपल्या उघाडीची झडप भरतीच्या दाबानं आपली आपण मिटते. कोकरला माणूस लागतो. ओहोटी लागली की तो चाक फिरवून दार वर घेतो, साचलेलं पाणी समुद्रात सोडतो आणि भरतीआधी दार पाडतो. दिवसातून दोनदा, मग वेळ रात्री दोनची का असेना. माझ्या घराजवळच्या कोकरवाल्याशी माझी ओळख झाली आहे. तो सांगतो, दार नीट असून भागत नाही, बाहेर गाळ साचला की पाणी जाणार कुठे? आणि उधाणात मोठा पाऊस पडला तर दार उघडायची सोयच नाही, पंप लावावे लागतात. २००५ च्या जानेवारीत असंच झालं. पाऊस थांबेना, किनाऱ्यावरच्या गावांत कित्येक आठवडे पाणी, मग लेप्टोस्पायरोसिस. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, न पडताही गाव बुडतं, हे मी इथे येऊन शिकलो.

त्याला मी आपल्या झडपेबद्दल सांगितलं तर विश्वास बसेना. म्हणाला, मग तुमच्याकडे माणूस रात्री काय करतो? मी म्हटलं, झोपतो. फार हसला.

तर एक काम कर. तुमच्या शेताखालच्या जुन्या उघाडीची लाकडी झडप अजून शाबूत असेल तर ओहोटीला उतरून तिचे चार फोटो काढ, बिजागरीचा एक जवळून. जाडी टेपनं मोजून पाठव. अण्णांना विचार, लाकूड कुठलं घालायचे आणि किती वर्षं टिकायचं. तुझा तो दात काढणारा चेहरा नको, मोजमाप पाठव.

काकूंना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
सुऱ्या