गाडी विकली, नाव मात्र राहिलं: डांडिया बाजारातल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गाडीच्या अपघाताच्या दाव्याचा निकाल लागला त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. अण्णांना चक्कर आल्यासारखं होत होतं, मला रिक्षा बघायची घाई होती आणि तुम्ही निकालाची नक्कल कधी मिळेल याच्या चौकशीत होतात. म्हणून हे पत्र. ते जाहीर लिहायला तुम्ही एका अटीवर परवानगी दिलीत, की तुमचं नाव घालायचं नाही. नाव गाळलं आहे, बाकी काही गाळणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी चालवणं सोडलं. दारात उभी राहून गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी ती ओळखीतून आलेल्या एका गृहस्थांना विकली. पैसे चेकने घेतले, विक्रीची पावती केली, नोंदणी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या करून आरसी बुक आणि विम्याची पॉलिसी हातात दिली. विमा नुकताच नवरात्रात पूर्ण वर्षाचा भरला होता, कारण विमा संपत आलेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा त्यांचा शिरस्ता. घेणारे म्हणाले, "आठ दिवसमां नाम बदलाई जशे." तसं ते म्हणतात आणि आपण विश्वास ठेवतो, बडोद्यात अशीच हजारो वाहनं हात बदलतात.

नाव बदललं नाही. त्या गृहस्थांनी गाडी दलालामार्फत तिसऱ्यालाच विकली. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये वाघोडिया रोडवर या गाडीने एका सायकलस्वाराला उडवलं. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पाळीवर निघालेला माणूस, घरात कमावता तो एकटा. मांडीचं हाड मोडलं. पोलीस गाडीच्या नंबरावरून पत्ता शोधत आले ते आमच्या घरी.

त्या संध्याकाळी आमच्या घरी सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती. "पावती दाखवा, गाडी माझी नाहीच म्हणा, मोकळे व्हा," असं बहुतेकांनी सांगितलं. एकाने तर मागच्या तारखेचा कागद नोटरीकडून करून आणण्याची तयारी दाखवली, अण्णांवरच्या मायेपोटीच. अण्णा गप्प बसून होते. तेवढ्यात तुम्ही आलात. चहा नको म्हणालात आणि पहिला प्रश्न विचारलात: "तो माणूस कसा आहे?"

काका, हा प्रश्न तोपर्यंत आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. मी या पत्रात पुढे कायद्याचं बरंच लिहिणार आहे, पण आभार मानायचे आहेत ते सर्वांत आधी या प्रश्नाचे.

तुम्ही उभी नोकरी विमा कंपनीच्या कायदा विभागात काढलीत. अपघाताच्या दाव्यात कंपनी काय काय म्हणते ते तुम्हाला पाठ. त्या रात्री तुम्ही अण्णांना समजावलंत ते मला जसं आठवतं तसं लिहिते, कारण ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २(३०) मध्ये मालक कोण ते सांगितलं आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे आहे, पेट्रोल कोण भरतं, याला अपघाताच्या दाव्यात महत्त्व नाही. कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. ते झालं नाही तर गाडी चार हात फिरली तरी दप्तरात मालक पहिलाच. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं. त्या खटल्यातली गाडीही अशीच नोंदणी न बदलता एकाकडून दुसऱ्याकडे विकली गेली होती, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली.

"हा तर अन्याय आहे," असं मी म्हणाले होते. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "बेटा, अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या बाजूने बघ. त्याने गाडी कुणी कुणाला विकली त्याचा माग काढत हिंडायचं का? त्याला एक नाव मिळायला हवं आणि ते सरकारी दप्तरात सापडायला हवं. कायदा अण्णांना शिक्षा करत नाहीये, त्या माणसाला दार दाखवतोय." त्यानंतर माझ्या मनातून अन्यायाचा शब्द गेला. भीती राहिली, पण ती वेगळी.

मग तुम्ही तो मागच्या तारखेचा कागद बाजूला सारलात, आणि त्याचं कारणही दिलंत. खोटेपणा तर झालाच, पण अण्णा मालक नव्हते असं ठासून सांगितलं की कंपनी तेच शस्त्र उचलणार: मालक नाही म्हणजे विम्यात हितसंबंध नाही, म्हणजे आम्ही बांधील नाही. मग जखमी माणसासमोर उरणार तो ज्याच्याकडे काहीच नाही असा चालक. "जे घडलं तेच लिहायचं," तुम्ही म्हणालात. "गाडी अमुक तारखेला विकली, नोंदणी माझ्या नावावर आहे, पॉलिसी माझ्या नावावर आहे आणि अपघाताच्या दिवशी चालू होती." अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला खोटं न लिहिता यातून निघता येईल, एवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन सयाजी रुग्णालयात गेलात. मला वाटलं होतं की समोरच्या पक्षाला भेटणं बरं दिसणार नाही. तुम्ही त्या जखमी माणसाच्या बायकोला बाहेर बाकावर बसवून गुजरातीत सांगितलंत की डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे, कारखान्याची पगाराची चिठ्ठी, काहीही फेकू नका. भरपाई ठरते ती कमाईवर आणि झालेल्या अपंगत्वावर, आणि दोन्ही कागदानेच सिद्ध होतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कामगाराला आणि बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, हेही सांगितलंत. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? तुम्ही म्हणालात, "ज्यांच्या नावावर गाडी आहे त्यांचा शेजारी." त्या तुमच्याकडे बघतच राहिल्या. काका, मीही.

आपल्यावर दावा लावणाऱ्यालाच दावा नीट कसा लावायचा ते सांगणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. परत येताना तुम्ही त्यातला हिशेब उलगडलात: पॉलिसी चालू आहे, तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेच्या, विम्याचा हप्ता अण्णांनी याचसाठी भरला आहे, तर त्या माणसाला त्याचे पैसे पूर्ण मिळण्यात आपलं काहीच जात नाही. आपल्याला कंपनीला सुटू द्यायचं नाही, एवढंच.

आणि कंपनी सुटू शकते असा धोका तुम्ही आमच्या आधी ओळखलात. चालकाचा परवाना. त्यात खोट निघाली, आणि मालकाने अट मोडली असं कंपनीने सिद्ध केलं, तर जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल तुम्ही काढून दाखवलात. म्हणजे ज्या चालकाचं तोंडही अण्णांनी पाहिलं नव्हतं, त्याच्या खिशातल्या कार्डावर अण्णांची पुंजी अवलंबून होती.

गाडी पोलिसांनी जप्त केली होती आणि ती सोडवायला अर्ज लागणार होता नोंदणीकृत मालकाचा. त्यामुळे ते पहिले गृहस्थ आणि ज्यांच्याकडे गाडी होती ते दोघंही सहीसाठी आमच्या ओट्यावर आले. आमच्या घरात आवाज चढले. तुम्ही शांतपणे म्हणालात की सही मिळेल. त्याआधी चालकाचा परवाना, कुणी कुणाला कधी गाडी दिली त्याचे कागद आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती इथे ठेवा, आणि गाडी सुटली की नोंदणी बदलायचा अर्ज आपण सगळे मिळून करू. परवाना आला. तो कारच्या वर्गाचा आहे आणि अपघाताच्या दिवशी मुदतीत होता, हे तुम्ही सरकारी नोंदीवरून पडताळून घेतलंत, मगच तुमची मुद्रा सैल झाली. त्या दोघांबद्दल मी इथे वाईट लिहीत नाही. तुम्ही त्यांच्याशी ज्या सभ्यतेने वागलात, तिला ते धरून होणार नाही.

पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. चालक सामनेवाला क्रमांक एक, अण्णा दोन, विमा कंपनी तीन. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात आमच्या वकीलबेननी काम उत्तम चालवलं आणि त्यांचेही आभार मी त्यांना भेटून मानले आहेत. पण जबाबाचा मसुदा तयार करताना त्यांच्या शेजारी तुम्ही बसला होतात. कंपनीने अगदी तुम्ही सांगितलं होतं तेच लिहिलं: गाडी आधीच विकलेली, विमाधारकाचा हितसंबंध संपला, आम्ही जबाबदार नाही. त्याला उत्तर तयारच होतं. एक तर कलम १५७, गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानायचं ते. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल, की नोंदणीही जुन्या मालकाच्या नावावर आणि पॉलिसीही त्याच्याच नावावर असेल तर विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. अण्णांची साक्ष झाली. गाडी विकली का, हो. नाव बदललं का, नाही. पॉलिसी तुमची का, हो. उलटतपासणीत त्यांना अडकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण जबाबातच सगळं लिहिलेलं होतं.

न्यायाधिकरणाने भरपाई व्याजासह मंजूर केली आणि ती कंपनीने भरायची असा आदेश दिला. काही रक्कम त्या माणसाच्या नावाने मुदत ठेवीत राहणार आहे. अण्णांना एक पैसा भरावा लागला नाही. निकाल लागल्यावर त्या बाई आणि त्यांचे यजमान, ते आता काठी घेऊन चालतात, अण्णांना नमस्कार करायला आले. अण्णांनी त्यांचे हात धरले. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या डोळ्याला डोळा देता येईल असा दावा तुम्ही लढवलात, काका. आम्ही सुटलो याचा आनंद आहेच, पण तो माणूस वाऱ्यावर सुटला नाही म्हणून तो आनंद आम्हाला घेता येतो.

आपल्या इथे मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेली की मागे राहिलेल्या आईवडिलांच्या दारातली गाडी किंवा स्कूटर अशीच विकली जाते. तुम्ही आता भेटेल त्याला जे सांगता तेही म्हणून इथे घालते. सह्या केलेले फॉर्म घेणाऱ्याच्या हाती सोपवून वाट पाहत बसायचं नाही, घेणाऱ्याला बरोबर घेऊन अर्ज आपणच पुढे न्यायचा आणि पोच जपून ठेवायची. किल्ली देताना तारीखच नव्हे तर वेळही लिहून घ्यायची, ओळखपत्राची प्रत घ्यायची. कर्ज असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवायचा. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ना हरकत प्रमाणपत्र हवंच. विमा कंपनीलाही विक्री कळवायची. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याला दिली तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे गाडी ताब्यात दिल्याची माहिती सरकारी पोर्टलवर फॉर्म २९सी ने जाते, ती गेली की नाही ते बघायचं. आणि 'वाहन' या सरकारी पोर्टलच्या नोंदीत नवं नाव दिसेपर्यंत गाडी विकली असं म्हणायचं नाही.

आपली गाडी आता तिथे दुसऱ्याच्या नावावर दिसते. अण्णांनी ते स्वतः चष्मा लावून वाचलं.

फीचा विषय काढला की तुम्ही उठून जाता. मी तो या पत्रात काढत नाही, पण अण्णा त्यावर बोलायला गुरुवारी संध्याकाळी तुमच्याकडे येणार आहेत आणि या वेळी ऐकणार नाहीत. कृपा करून घरी असा. काकूंना नमस्कार.

तुमची,
अण्णांची मुलगी
डांडिया बाजार, बडोदा